साडेपाचची गाडी आणि पाचवी नाटिका

नव्वदच्या दशकात नगरच्या कॉलेजात नाटक बसवायचं म्हणजे आधी एस्टीच्या गाड्यांच्या वेळा बघाव्या लागत. आमच्याकडची निम्म्याहून जास्त मुलं पासवाली. सकाळी गावाहून यायचं, तास करायचे, आणि आपल्या गाडीची वेळ झाली की फळ्यावर काय चाललंय याची पर्वा न करता वह्या उचलून चालू पडायचं. श्रीगोंद्याकडची पोरं एकदम उठत, नेवाशाकडची त्यांच्यानंतर. प्राध्यापक त्यांना अडवत नसत, कारण निम्मे प्राध्यापकही त्याच गाड्यांनी घरी जात.

मी भिंगारचा. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कारकून होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो, आणि कॉलेजातून सायकलवर अर्ध्या तासाच्या आत घरी. गाडी चुकणं म्हणजे काय असतं ते मला कधी कळलंच नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, मराठी घेतलं होतं, आणि आपण नाटककार आहोत याबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका नव्हती.

त्या वर्षीच्या गॅदरिंगसाठी मी पाच छोट्या नाटिकांची मालिका लिहिली. प्रत्येक नाटिका दहा मिनिटांची आणि जागा सगळ्यांना एकच, जनावरांच्या बाजारातली चहाची टपरी. टपरी चालवणारी बाई पाचही नाटिकांत असते. पहिल्या चारांत ती एक शब्दही बोलत नाही. बैल विकायला आलेले दोन भाऊ तिच्यासमोर भांडतात, दलाल गिऱ्हाइकाला गुंडाळतो, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस हात जोडून जातो, नवरा येऊन उगाच डाफरतो. ती आपली पाठमोरी चहा करत राहते. पाचव्या नाटिकेत बाजार उठलेला असतो, टपरीवर चिटपाखरू नसतं, आणि ती बोलायला लागते. दहा मिनिटं एकटीच बोलते. चारदा गप्प राहिली म्हणून पाचव्यांदा बोललेलं ऐकू येतं, अशी माझी योजना. या योजनेवर मी भलताच खूश होतो.

खरं सांगायचं तर जनावरांचा बाजार मी आतून कधी पाहिलाच नव्हता. औरंगाबादकडे जाताना गाडीच्या खिडकीतून घोडेगावचा बाजार दिसायचा, शिंगं आणि फेटे आणि धूळ, तेवढ्या भांडवलावर मी पाच नाटिका लिहिल्या. पहिल्याच तालमीला माझा दलाल बैलाचा भाव घसा ताणून सांगू लागला आणि मागच्या बाकावरून हसू ऐकू आलं. हसणारी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची होती. घोडेगावच्या पुढे आत सात-आठ किलोमीटरवर तिचं गाव, घरची शेती. लहानपणी वडिलांबरोबर बाजाराला जायची. वडील सौदा करेपर्यंत तिला एका चहावालीपाशी बसवून ठेवत.

"असं कुनी वरडून भाव सांगत न्हाई, दादा," ती म्हणाली. "हातावर उपरनं टाकित्यात आन खाली बोटं धरून भाव करित्यात. शेजारी उभ्या मानसाला बी पत्ता लागत न्हाई."

सगळ्यांसमोर सांगितल्याचा मला राग आला. पण तिने दोन मुलांना पुढे बोलावलं, एकाच्या हातावर पंचा टाकला आणि कुठलं बोट धरलं की काय, कसं दाबलं की काय, ते करून दाखवलं. तीन मिनिटं दोघं एकमेकांकडे न बघता, आभाळाकडे तोंड करून, हात हलवत राहिले आणि अख्खी खोली श्वास धरून बसली. मी लिहिलेल्या दीड पानाच्या संवादांनी असं काही झालं नव्हतं. ती दीड पानं मी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी मराठीच्या सरांनी कौतुक केलं तेव्हा हे मलाच सुचल्यासारखा मान डोलावून मोकळा झालो.

ही मुलगी अकरावीपासून आमच्याच कॉलेजात होती आणि दर गॅदरिंगला स्वागतगीताच्या दुसऱ्या रांगेत उभी राहत होती. पेटीच्या आवाजात तिचा आवाज कुणाला ऐकू गेला असेल, असं मला वाटत नाही. तालमी सुरू होऊन आठवडा झाला असेल. ती माझ्यापाशी आली आणि आडवळण न घेता म्हणाली, "पाचवी नाटिका मला करू द्या. सगळी पाठ हाय."

"एवढ्यात?"

"पयल्याच दिवशी उतरवून नेल्ती." मग तिने त्याच स्वरात सांगितलं, "हे माझं शेवटचं गॅदरिंग हाय. परीक्षा झाली की लगीन हाय माझं."

"मग तिसरं वर्ष तिकडून करता येईल."

"तिकडं कुटलं आलंय कॉलेज," ती म्हणाली. मी आणखी काही विचारलं नाही.

तिला एकदा स्टेजवर उभं राहून ती दहा मिनिटं बोलायची होती. बस, एवढंच. तिच्या वडिलांनी नाटकालाही परवानगी दिली होती, आणि त्या काळात आत गावातल्या माणसाने मुलीला नाटकात काम करू देणं ही साधी गोष्ट नव्हती. अट एकच होती. घोडेगावपर्यंत गाड्या पुष्कळ होत्या, पण तिथून आत तिच्या गावाला जाणारी संध्याकाळची गाडी एकच, तारकपूरच्या स्टँडवरून साडेपाचला सुटणारी. त्या गाडीने ती घरी यायला हवी. गाडी चुकली की नाटक बंद आणि उरलेलं कॉलेजही बंद.

आता माझं दुखणं ऐका. आमच्यात कुणाला कुठलं काम द्यायचं हे अभिनयावर ठरतच नव्हतं, गाडीवर ठरत होतं. पहिल्या नाटिकेतले दोन भाऊ श्रीगोंद्याकडचे, कारण त्यांची गाडी पावणेपाचची. दलाल नेवाशाचा, तो थोडा उशिरा निघाला तरी चालायचं. ज्याला खरोखर काम करता येत होतं तो पारनेरकडचा मुलगा साडेतीनलाच जायचा, म्हणून त्याला मी पडदा शिवायला बसवला. प्रत्येकाच्या नावापुढे मी संहितेच्या पहिल्या पानावर गाडीची वेळ लिहून ठेवली होती, आणि ते पान बघून एका प्राध्यापिकेने मला विचारलं होतं की ही नाटिका आहे की आरक्षणाचा तक्ता. अशा सगळ्या तडजोडींत माझ्या हातात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे नाटिकांचा क्रम. तो मी सोडणार नव्हतो.

त्यामुळे शेवटची नाटिका शेवटपर्यंत थांबू शकणाऱ्या मुलीला द्यायची, हे माझ्या दृष्टीने उघड होतं. आमच्याच क्वार्टरच्या ओळीत राहणारी एक मुलगी होती. उच्चार स्वच्छ, पाठांतर चोख, घर जवळ. तिला मी पाचवी दिली. पहिल्या चार नाटिकांतली गप्प बाई मी घोडेगावकडच्या मुलीला दिली. दोघींना एकच हिरवी साडी. चार नाटिका ती पाठमोरीच असते आणि पदर डोक्यावरून पुढे ओढलेला असतो, तेव्हा मध्ये बाई बदललेली कुणाच्या लक्षातही येणार नाही, असा माझा हिशेब.

तिने ऐकून घेतलं. "म्हंजी मी च्या करायची, आन बोलायचं तिनं."

"चहा करणं हेच अवघड काम आहे," मी म्हणालो. आणि वर तिला शांततेचं नाट्य वगैरे समजावलं. ते सगळं मला आज शब्दशः आठवतं आणि अंगाला खाज सुटते.

आमच्या सांस्कृतिक मंडळाचे प्रमुख, म्हणजे मराठीचे सर, भले माणूस होते. त्यांनी मला बोलावून घेतलं. "अरे, पाचवी नाटिका आधी घे की," ते म्हणाले. "बाई आधी बोलू दे, मग चारदा गप्प राहू दे. पोरीची हौस होईल, गाडीही मिळेल. काय बिघडतं?"

"रचना बिघडते, सर," मी म्हणालो.

"रचना तुझीच आहे ना? बदल."

मी म्हणालो, क्रम बदलायचा असेल तर नाटिका मागे घेतो. गॅदरिंगला बारा दिवस राहिले होते आणि पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यामुळे सर गप्प बसले. मला वाटलं मी कलेसाठी उभा राहिलो.

गॅदरिंगच्या दिवशी कार्यक्रमाची वेळ दुपारी एकची होती. मी पक्का हिशेब मांडला होता. दीड वाजता पहिली नाटिका, तीनच्या आत सगळं आटोपलेलं, कुणाचीच गाडी चुकायला नको. म्हणजे सगळं वेळेवर झालं असतं तर पाचवी करूनही ती पोरगी आरामात गाडीला गेली असती, हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं होतं. पण वेळेचा भरवसा धरून कोण बसेल, असं म्हणून मी ते बाजूला सारलं. स्वतःच्या नाटिकांच्या बाबतीत मात्र वेळेवर माझा पूर्ण भरवसा होता.

प्रमुख पाहुणे एका साखर कारखान्याचे संचालक होते. ते पावणेतीनला आले. मग त्यांना प्राचार्यांच्या खोलीत चहा. मग दीपप्रज्वलन, त्यात वाऱ्याने दोनदा वात विझली. मग स्वागतगीत, मग हार. पाहुण्यांना हार, पाहुण्यांबरोबर आलेल्या चौघांना हार, पाहुण्यांच्या गाडीतून उतरलेल्या एका गृहस्थांना हार, जे कोण होते ते आजतागायत कुणालाच माहीत नाही. अहवालवाचन झालं. विंगेत मी घड्याळाकडे बघत दात खात होतो. मग पाहुणे बोलायला उभे राहिले. आपल्यालाही कॉलेजात नाटकाची किती आवड होती, हे त्यांनी पाऊण तास सांगितलं. श्रीगोंद्याकडची दोन पोरं मिशा लावून, फेटे बांधून माझ्या मागे उभी होती आणि दर पाच मिनिटांनी वेळ विचारत होती.

चार वाजून वीस मिनिटांनी स्टेज रिकामं झालं. सर घाईघाईने विंगेत आले. ती मुलगी पंजाबी ड्रेसवरूनच हिरवी साडी गुंडाळून हातात किटली घेऊन उभी होती. तिला पाचला निघायला हवं होतं, म्हणजे चौथी नाटिकासुद्धा तिच्या वाट्याला येणार नव्हती.

"हे बघ," सर मला म्हणाले, "आता तरी ऐक. हिची दहा मिनिटं पहिल्यांदा घे. हिला बोलू दे. मग पुढच्या जेवढ्या होतील तेवढ्या होतील."

ती पुढे आली. "दादा, धा मिन्टांचं तर हाय."

"प्रश्न मिनिटांचा नाही," मी म्हणालो. आणि सरांकडे वळून म्हणालो, "खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला नाटक म्हणजे काही एस्टी नाही, सर."

मिशावाले हसले. मलाही माझं वाक्य आवडलं. आज तो पोरगा समोर आला तर त्याच्या कानाखाली आवाज काढावा, असं वाटतं. पण तेव्हा तो पोरगा मीच होतो, आणि पडदा उघडायची खूण मीच केली.

पहिली नाटिका झाली. दोन्ही भाऊ भांडण संपवून मिशांसकट स्टँडकडे पळाले. दुसरीतला उपरण्याखालचा सौदा सुरू झाला तेव्हा सगळा हॉल गप्प झाला, गावाकडून आलेली माणसं खुर्चीच्या टोकावर आली, आणि दोघांचे हात सुटले तेव्हा शिट्ट्या पडल्या. सौदा चालू असताना ती पाठमोरी बसून ग्लास विसळत होती. तिचंच सगळं, आणि ती ग्लास विसळत होती. तिसरी कशीबशी उरकली. पाच वाजायला तीन मिनिटं होती. तिने पडद्यामागे साडी सोडली, घडी घालून भिंगारच्या मुलीच्या हातात दिली, वर किटली ठेवली. "जाते," असं म्हणाली असावी. मी दुसरीच्या पदरावर ओरडत होतो, तो पुरेसा पुढे येत नव्हता.

चौथी नाटिका चालू असतानाच खुर्च्या वाजायला लागल्या. पासवाल्यांच्या गाड्यांची वेळ झाली होती. पाचव्या नाटिकेचा पडदा उघडला तेव्हा हॉलमध्ये शंभराच्या आतबाहेर माणसं उरली असतील, त्यात सत्कार न झालेले काही नाराज गृहस्थ आणि कपबश्या परत न्यायला थांबलेला कॅन्टीनवाला. भिंगारच्या मुलीने एक शब्दही चुकवला नाही. मी विंगेत संहिता धरून उभा होतो, ती उघडावीच लागली नाही. सगळं माझ्या मनासारखं, योग्य जागी, योग्य क्रमाने झालं, आणि कुणालाही काही झालं नाही. टाळ्या पडल्या त्या आता घरी जाता येईल म्हणून पडल्या.

सर जवळ आले, म्हणाले, "चांगलं झालं." आणि मग म्हणाले, "पण मला वाटतं, आधी बोललेली बाई नंतर चार वेळा गप्प बसलेली बघितली असती, तर जास्त लागलं असतं."

मी दोन दिवस सरांशी बोललो नाही. त्यांचं म्हणणं पटलं म्हणूनच बोललो नाही, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती मला ग्रंथालयाबाहेर भेटली. बरोबर तिची एक मैत्रीण होती. "शेवटचं कसं झालं?" तिने विचारलं. मी सांगायला लागलो. पाहुण्यांवर चिडलो, एस्टीवर चिडलो, खुर्च्या वाजवणाऱ्यांवर चिडलो, सगळं तपशीलवार सांगितलं. गाडी मिळाली का, हे मात्र विचारायचं सुचलं नाही. माझं संपल्यावर ती म्हणाली, "मला येकदा म्हनून दावायचंय. तुमी बसा निस्ते."

कोपऱ्यातला वर्ग रिकामा होता. मैत्रीण दाराशी उभी राहिली. मी पुढच्या बाकावर बसलो आणि सवयीने पिशवीतून संहितेची वही काढून मांडीवर उघडली. कशाला काढली, कोण जाणे.

तिने ओढणी डोक्यावरून घेतली आणि आमच्याकडे पाठ करून खाली बसली. बराच वेळ ती नुसते नसलेले ग्लास विसळत राहिली. माझ्या संहितेत बाई पहिल्याच वाक्याला प्रेक्षकांकडे वळते. ही वळलीच नाही. पाठमोरीच बोलायला लागली, काम करता करता, आणि माझी जडबंबाळ वाक्यं तिच्या तोंडी तिच्या गावची झाली होती. 'मला कुणी विचारलं नाही' असं मी लिहिलेलं तिच्याकडून 'मला कुनी इचारलंच न्हाई' असं आलं. हे मी लिहिलंय का, असं मला वाटलं. पहिलं पान संपत आलं होतं. तिने हातातला ग्लास खाली ठेवला, पदराला हात पुसावेत तसे ओढणीला पुसले, आणि सावकाश माझ्याकडे वळली. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "आता बोलायलाच लागले हाय, तर आदी सांगा. कुनाला घाई हाय का?"

मी वहीत बघितलं. पान उलटून बघितलं.

"हे वाक्य यात नाही," मी म्हणालो.

ती थांबली. "व्हय," ती म्हणाली. "न्हाई त्यात."

"मग त्याच्या आधीपासून घे."

ती माझ्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिने ओढणी खांद्यावर घेतली, बाकावरच्या वह्या उचलल्या. "ऱ्हाऊ द्या, दादा," ती म्हणाली. "तास हाय मला."

तिला तेव्हा तास नव्हता, हे मला माहीत होतं. मैत्रिणीला घेऊन ती व्हरांड्यातून निघून गेली, आणि मी ती वही तशीच उघडी धरून बसून राहिलो. उरलेल्या पानांत तिने स्वतःचं आणखी काय काय घातलं होतं, ते मला कधीच कळलं नाही.